पाचगणीहून किती लांब? : अंतर, रस्ता आणि वेळ यांचा एक पाठ



मुलांना एक साधा प्रश्न विचारून बघा. पाचगणी ते वाई अंतर किती? एकजण म्हणेल बारा किलोमीटर. दुसरा म्हणेल अर्धा तास. तिसरा मोबाइल काढून दहा म्हणेल. आणि एखादी मुलगी टेबललँडच्या कडेला उभं राहिल्यासारखा हात पुढे करून म्हणेल, "हे काय, इथंच तर आहे खाली!" गंमत अशी की यातलं एकही उत्तर चुकीचं नाही. चौघांनी चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत, एवढंच. आपण फळ्यावर "अंतर" हा एकच शब्द लिहितो आणि त्याच्या पोटात किती गोष्टी आहेत ते सांगायला विसरतो.

हा पाठ सुचायला निमित्त वेगळंच झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेह-लडाखला जाणारी कुटुंबं आता आपल्याकडे बरीच आहेत. मुलं इंटरनेटवर शोधतात, "पाचगणी ते लेह विमानाने किती वेळ?" आणि उत्तर मिळतं, सव्वादोन तास. वर्गात हे उत्तर आलं तेव्हा मी एवढंच विचारलं, "पाचगणीचं विमानतळ कुठं आहे रे?" वर्गात शांतता. मग हशा. आणि मग खरा पाठ सुरू झाला. तो सहावीच्या भूगोलापासून नववीच्या त्रिकोणमितीपर्यंत कुठेही घेता येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सरळ रेषेतलं अंतर

पृथ्वीचा घेर ढोबळमानाने ४०,००० किलोमीटर. पूर्ण वर्तुळाचे अंश ३६०. भागाकार करा: १११ आणि थोडं वर. म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेने एक अंश सरकलात की १११ किलोमीटर गेलात. हा आकडा मुलांना पाठ होऊ द्या, आयुष्यभर उपयोगी पडतो.

पूर्व-पश्चिम दिशेला मात्र असं सरळ नाही. मोसंबी सोलून दाखवा. फोडी मधोमध जाड आणि दोन्ही टोकांना निमुळत्या. रेखावृत्तांमधली जागाही तशीच: विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे १११ किलोमीटर, ध्रुवावर शून्य. मधल्या कुठल्याही ठिकाणी १११ ला त्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. पाचगणीचा अक्षांश जवळजवळ १७.९२ अंश उत्तर. त्याचा कोसाइन ०.९५. म्हणून आपल्याकडे एक अंश रेखांश भरतो सुमारे १०६ किलोमीटर. सहावी-सातवीच्या मुलांना कोसाइन सांगू नका. "आपल्याकडे १०६" एवढं पुरे.

आता पाचगणी आणि महाबळेश्वर घ्या. हे उदाहरण निसर्गाने जणू शिक्षकांसाठीच तयार ठेवलं आहे, कारण दोन्ही गावं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. फरक फक्त रेखांशाचा: पाचगणी ७३.८०, महाबळेश्वर ७३.६६. फरक ०.१४. त्याला १०६ ने गुणा, उत्तर साधारण १५ किलोमीटर. रस्त्याने आपण अठरा-एकोणीस म्हणतो. जाता जाता एक गोष्ट: एक अंश रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे महाबळेश्वरला सूर्य पाचगणीपेक्षा अर्ध्या मिनिटाने उशिरा मावळतो. (दऱ्या-डोंगर बाजूला ठेवून म्हणतोय. मुंबई पॉइंटवरच्या गर्दीला हे अर्धं मिनिट सांगून काही उपयोग नाही.)

दोन्ही दिशांना फरक असेल तर पायथागोरस मदतीला येतो. सातारा घेऊ. अक्षांशाचा फरक ०.२४, गुणिले १११ म्हणजे २६.६ किलोमीटर दक्षिणेला. रेखांशाचा फरक ०.२०, गुणिले १०६ म्हणजे २१.२ किलोमीटर पूर्वेला. दोन्हींचे वर्ग करून बेरीज ११५७, वर्गमूळ ३४. पाचगणी ते सातारा सरळ रेषेत ३४ किलोमीटर. एसटीने वाई, पाचवड करत जाल तर ४७-४८. सातवीच्या मुलांना पायथागोरसचा सिद्धांत नुकताच शिकवलेला असतो आणि तो पुस्तकातल्या शिडी आणि भिंतीपलीकडे कधी जात नाही. इथे त्याच त्रिकोणाचा कर्ण थेट साताऱ्याला पोचतो. मुलं खूश होतात, आणि खरं सांगायचं तर आपणही होतो.

पृथ्वी गोल असताना हे सपाट त्रिकोणाचं गणित कसं चालतं, असा प्रश्न एखादं चुणचुणीत पोर विचारेलच. त्याला शाबासकी द्या. उत्तर असं: दोन-तीनशे किलोमीटरपर्यंत गोलाई फारशी जाणवत नाही, त्यापुढे ढोबळ उत्तर मिळतं, आणि खंडाच्या खंड ओलांडायचे असतील तर हे गणित सोडून द्यायचं. तेव्हा पृथ्वीगोल आणि दोरा घ्यायचा. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात ही रेषा आडवी, अरबी समुद्र-आफ्रिका अशी जाईल असं वाटतं. पण गोलावर ताणलेला दोरा वर चढून युरोपच्या उत्तर भागावरून जातो. ताणलेला दोरा खोटं बोलत नाही. नकाशा सपाट असल्यामुळे बोलतो.

रस्ता लांब का होतो?

पालकांना वाटतं, घाटामुळे अंतर वाढतं म्हणजे उंचीमुळे वाढतं. हे तपासून बघण्यासारखं आहे. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर, वाई सुमारे ७२० वर. फरक ५८० मीटर. सरळ रेषेतलं आडवं अंतर दहा किलोमीटर धरलं तर तिरका कर्ण किती येईल? दहाचा वर्ग १००, ०.५८ चा वर्ग ०.३४. बेरजेचं वर्गमूळ १०.०१७. म्हणजे एवढ्या मोठ्या उंचीमुळे अंतर वाढलं फक्त १७ मीटर! शाळेच्या पटांगणाची एक बाजूसुद्धा नाही.

हे उत्तर आलं की मुलं चक्रावतात. मग पसरणी घाट कशासाठी? दोन-अडीच किलोमीटर जादा जातात कुठे?

उत्तर चढाच्या तीव्रतेत आहे. वाईपासून पसरणीपर्यंत जमीन बरीचशी सपाट आहे आणि मग डोंगर एकदम भिंतीसारखा उभा राहतो. सगळी चढण या भिंतीत आहे. डोंगरी रस्त्याला साधारण २० ला १ असा चढ सोयीचा धरतात: वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. समजा भिंतीची चढण ५०० मीटर आहे. तर रस्ता हवा ५०० गुणिले २०, म्हणजे दहा किलोमीटर. पण भिंत तर नकाशावर जेमतेम एवढी-एवढी. मग दहा किलोमीटरचा रस्ता तिथे मावणार कसा? घडी घालूनच. घाटाची वळणं म्हणजे लांब रस्त्याची घातलेली घडी आहे. उंचीने अंतर वाढवलं नाही. गाडीला झेपेल असा चढ ठेवायचा म्हणून इंजिनिअरने ते वाढवलं. पायवाटेला हा नियम नाही, म्हणून गावातली माणसं घाटाची वळणं तोडत सरळ वर यायची आणि घामाघूम होऊन का होईना, कमी अंतर चालायची.

वर्गात याचा प्रयोग स्वस्तात होतो. पुठ्ठ्याचा उभा चढ करा, त्यावर सुतळीने आधी सरळ आणि मग नागमोडी रस्ता चिकटवा, आणि दोन्ही सुतळ्या सोडवून शेजारी शेजारी ठेवा. खेळण्यातली गाडी दोन्हींवरून सोडून बघितली तर आणखी बरं.

वळणांबरोबर वेगही येतो. एसटी घाट चढताना सरासरी ताशी २० किलोमीटरने आणि उतरताना ३० ने गेली असं धरू. वाई-पाचगणी १२ किलोमीटर. जाण्या-येण्याची सरासरी किती? वर्गातले नऊजण २५ म्हणतील. करून बघा: चढायला ३६ मिनिटं, उतरायला २४, एकूण एक तास. एकूण अंतर २४ किलोमीटर. सरासरी २४. हळू चालण्यात वेळ जास्त जातो म्हणून सरासरी हळू वेगाकडे झुकते. स्पर्धा परीक्षेत हा प्रश्न "नाव प्रवाहाविरुद्ध" अशा वेषात येतो, इथे तो लाल एसटीतून आला.

पाचगणीहून उडता येतं का?

येतं की! पॅराग्लायडिंगचे पंख घेऊन माणसं इथल्या कड्यांवरून रोज उडतात, हंगाम असेल तेव्हा. मग वाईला उडत जाता येईल का? साधारण पॅराग्लायडर शांत हवेत आठ मीटर पुढे जाताना एक मीटर खाली येतो. पाचगणी-वाई उंचीचा फरक ५८० मीटर. गुणिले आठ: ४,६४० मीटर. म्हणजे साडेचार किलोमीटरच्या पुढे जमीन लागलीच. वाई दहा किलोमीटरवर. निम्म्या वाटेत कुणाच्या तरी शेतात उतरावं लागेल. वाईपर्यंत पोचायचं तर वाटेत वर जाणारी गरम हवा सापडायला हवी, घारी जशी घिरट्या घालत उंची मिळवतात तशी. एका गुणाकारात मुलांना घार, गरम हवा आणि गुणोत्तर अशा तीन गोष्टी भेटतात. विज्ञानाच्या बाईंना हा तास उसना द्या.

सरळ अंतर आणि रस्त्याचं अंतर यांचं गुणोत्तर काढायला लावा. आम्ही वर्गात त्याला "वळणाकार" असं नाव दिलं आहे. तुम्ही दुसरं द्या. पाचगणी-महाबळेश्वर सव्वा. पाचगणी-पुणे सरळ रेषेत ६७, रस्त्याने शंभराच्या आसपास, म्हणजे दीड. मुंबई सरळ रेषेत फक्त १६०, रस्त्याने अडीचशेच्या घरात, पुन्हा दीडच्या वर. आणि सांगली? सरळ रेषेत १४४, रस्त्याने १७० च्या आसपास, म्हणजे जेमतेम १.२.

आता मुलांना कारण शोधू द्या. मुंबईच्या वाटेत सह्याद्रीची भिंत आडवी आहे. ती कुठे ओलांडायची ते आपण ठरवत नाही, घाट ठरवतात. पुण्याच्या सरळ वाटेत धोमचा जलाशय, मांढरदेवाची रांग, नीरेचं खोरं असं सगळं आडवं येतं, म्हणून आधी पूर्वेला उतरून महामार्ग गाठायचा आणि मग उत्तरेला वळायचं. सांगलीला जाताना मात्र एकदा खाली उतरलं की रस्ता कृष्णेच्या खोऱ्यातून नदीच्याच दिशेने जातो. वाईच्या घाटावरचं पाणी शेवटी सांगलीच्या घाटाला लागतं. नदीने ज्या बाजूला उतार शोधला त्याच बाजूला माणसाने रस्ता केला. भूगोल शिकवायला याहून सोपं वाक्य मला सापडलेलं नाही.

सगळ्यात चक्रावणारं उदाहरण आपल्या जवळच आहे. महाबळेश्वर ते प्रतापगड सरळ रेषेत आठ-नऊ किलोमीटर. आंबेनळी घाटाने वीसच्या वर. वळणाकार दोनाच्याही पुढे. अफझलखान वाईहून जावळीत येताना त्याच्या फौजेची काय दमछाक झाली असेल, ते इतिहासाच्या तासाला हा आकडा फळ्यावर असताना सांगा.

उत्तरेकडे जाऊ

आता मूळ प्रश्नाकडे, लेहकडे. पण पाचगणीहून निघण्याआधी उत्तरेतल्याच दोन दूरच्या गावांमधलं अंतर बघू: श्रीनगर आणि लेह. दोन्ही साधारण ३४ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे पाचगणी-महाबळेश्वरसारखीच आडवी जोडी. रेखांशाचा फरक २.८ अंश. इथे कुणी घाईने १०६ ने गुणलं तर २९७ येईल आणि ते चुकेल. ३४ अंशावर मोसंबीची फोड आणखी निमुळती झालेली आहे. तिथे एक अंश भरतो ९२ किलोमीटर. २.८ गुणिले ९२ म्हणजे २५८ किलोमीटर.

फोड आणखी वर किती निमुळती होते ते दाखवायला नॉर्वेच्या उत्तर टोकाची दोन गावं घ्या, ट्रॉम्सो आणि किर्केनेस. अक्षांश जवळपास ७० उत्तर, रेखांशाचा फरक ११ अंश. पाचगणीच्या मापाने गुणलं तर ११६६ किलोमीटर, म्हणजे इथून जवळजवळ दिल्लीच! खरं अंतर मात्र सव्वाचारशेच्या आसपास, कारण तिथे एक अंश म्हणजे फक्त साडेअडतीस किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात उत्तरेचे देश फुगलेले दिसतात त्याचं कारण हेच: नकाशात फोडी ताणून सगळीकडे सारख्या रुंद केलेल्या असतात. ग्रीनलँड भारताहून कितीतरी पट मोठा वाटतो. प्रत्यक्षात दोघांत दुपटीचाही फरक नाही.

परत श्रीनगर-लेह. सरळ रेषेत २५८, रस्त्याने सुमारे ४२०. वळणाकार १.६. आपल्या मुंबईइतकाच! मुलांना हे ऐकून बरं वाटतं, हिमालय असला म्हणून काय झालं. पण रस्त्यात झोजीला खिंड आहे, साडेतीन हजार मीटरवर. हिवाळ्यात बर्फ पडलं की ती बंद होते. तेव्हा अंतर तेवढंच राहतं आणि रस्ता मात्र उरत नाही. मधल्या कारगिलचं तर फारच अवघड. श्रीनगरपासून सरळ रेषेत १३० च्या आसपास, रस्त्याने दोनशेच्या थोडं वर, आणि हिवाळ्यात वाट अडली की लोकांना हवाई दलाच्या एएन-३२ विमानाची वाट बघावी लागते. "कारगिल कुरिअर" या नावाने लोक ती फेरी ओळखतात. हवामान बिघडलं की तीही नाही.

अशा गावांमधला विमानाचा वेळ कसा काढायचा? मुलं लगेच भागाकार करतात. विमानाचा वेग ताशी ८००, अंतर २५८, उत्तर १९ मिनिटं. वेळापत्रक बघा: पाऊण ते एक तास लिहिलेला असतो. उरलेली मिनिटं कुठे गेली? विमान दारातून निघून धावपट्टीपर्यंत रांगत जातं, तो वेळ. मग चढणं. ८०० चा वेग वर गेल्यावर मिळतो, आणि एवढ्या छोट्या प्रवासात वर पोचतो न पोचतो तोच उतरायची तयारी. लेहला तर डोंगरांच्या मधून वळून उतरावं लागतं. आणि वेळापत्रकात थोडी सवड धरलेली असते, ती वेगळी. म्हणून एक ढोबळ नियम मी मुलांना देतो: अंतर भागिले ८००, आणि त्यात सरसकट पाऊण तास मिळवा. पुणे-दिल्ली सरळ रेषेत सुमारे ११५५ किलोमीटर. भागाकार येतो १ तास २७ मिनिटं, अधिक ४५ म्हणजे २ तास १२. वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आगेमागे सापडेल. दिल्ली-लेह ६२० किलोमीटर: ४७ अधिक ४५, दीड तास. हेही जुळतं. नियम काही ग्रंथातला नाही, वर्गातला आहे, पण मुलांनी वेळापत्रकाशी ताडून बघितला की त्यांना त्याचा आधार कळतो.

आता "पाचगणी ते लेह सव्वादोन तास" या उत्तराचं काय ते बघा. सरळ रेषेत अंतर १,८४० किलोमीटर, भागिले ८००, झाले २ तास १८ मिनिटं. आकडा बरोबर आहे, प्रवास खोटा आहे. संगणकाने दोन टिंबं जोडली आणि वेगाने भागलं. टिंबाला विमानतळ आहे का, हे त्याने विचारलं नाही, कारण त्याला कुणी विचारायला सांगितलं नव्हतं. खरा प्रवास असा: पाचगणी ते पुण्याचं लोहगाव विमानतळ, गाडीने तीन तास. तिथे दोन तास आधी पोचायचं. दिल्ली सव्वादोन तास. दिल्लीला पुढच्या विमानाची वाट. लेहची विमानं बहुतेक सकाळच्या वेळात असतात, कारण विमानतळ ३,२५६ मीटरवर आहे, तिथे हवा विरळ, आणि दुपारनंतर दऱ्यांतून वारे सुटतात. म्हणून दिल्लीत रात्र काढावीच लागते बहुतेकांना. चौदा-पंधरा तास हा आशावादी हिशेब. शिवाय पोचल्यावर दोन दिवस विश्रांती, विरळ हवेची सवय व्हायला. तीही मी प्रवासातच धरतो. घरच्या आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्या पालकांनी तर धरावीच.

अंतर बदलत नाही, वेळ बदलतो

झोजीला फार दूरची वाटते. पण जुलै २०२१ ची अतिवृष्टी आठवा. आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला, आणि महाबळेश्वर-पोलादपूर वाट बंद झाली. महाबळेश्वर जागच्या जागी, पोलादपूर जागच्या जागी, सरळ रेषेतलं अंतर पूर्वीएवढंच. घाटातल्या वाड्यावस्त्यांना मात्र दवाखाना आणि बाजार एका रात्रीत लांब गेले.

आपल्या जुन्या बोलीत म्हणूनच अंतर नुसतं कोसात मोजत नसत. "हाकेच्या अंतरावर", "घटकाभराची वाट", "दिवस बुडायच्या आत पोचाल" अशी मापं होती. आज ती गावंढळ वाटतात. मला ती जास्त प्रामाणिक वाटतात, कारण त्यात चालणारा माणूस होता.

शाळेचं अंतर कुणी आणि कसं मोजायचं?

इथपर्यंत गंमत होती. आता जिथे हा पाठ खरोखर लागतो तिथे येऊ.

शिक्षण हक्क कायद्याखालच्या केंद्राच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असं म्हटलं आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांतही हेच एक आणि तीन. पण केंद्राच्या नियमांत एक शब्द आहे जो आपण वाचताना गिळून टाकतो: चालण्याचं अंतर. सरळ रेषेतलं नाही. आणि त्याच नियमात पुढे असंही आहे की जिथे प्रदेश दुर्गम आहे, दरडी किंवा पुराचा धोका आहे, रस्ता नाही, लहान मुलांना वाटेत जोखीम आहे, तिथे ही मर्यादा आणखी कमी करून शाळेची जागा ठरवावी. म्हणजे वळणाकार आणि झोजीला या दोन्ही गोष्टी नियम करणाऱ्याच्या डोक्यात होत्या.

आपल्याच जिल्ह्यातलं जावळी तालुक्यातलं खिरखंडी बघा. कोयनेच्या जलाशयाच्या काठावरचं गाव. तिथल्या मुली स्वतः होडी वल्हवत पाणी ओलांडायच्या आणि पुढे जंगलातून पायी शाळेला जायच्या. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बातम्यांवरून स्वतःहून याची दखल घेतली. नकाशावर अशा दोन टिंबांमध्ये पट्टी ठेवली तर अंतर किती भरेल? पट्टीला पाणी कळत नाही. पट्टीला वारा सुटलेला कळत नाही, आणि होडीत बसलेली मुलगी बारा वर्षांची आहे हेही कळत नाही. "शाळा किती लांब आहे?" या प्रश्नाचं उत्तर पट्टीने द्यायचं की त्या मुलीने, हा गणिताचा प्रश्न उरत नाही, पण गणित न आलेल्या माणसाला तो विचारताही येत नाही.

पालकांसाठी रोजच्या उपयोगाचं सांगतो. पंचवीस टक्के राखीव जागांचा ऑनलाइन अर्ज भरताना घराच्या जागेवर नकाशात बलून लावावा लागतो, आणि शाळा एक किलोमीटरच्या आत की एक ते तीनमध्ये, यावर प्राधान्य ठरतं. सायबर कॅफेत गर्दी असते, भरून देणारा घाईत असतो, बलून शेजारच्या आळीत बसतो. तर बलून लावण्याआधी मोबाइलच्या नकाशात आपल्या दारात उभं राहून अक्षांश-रेखांश लिहून घ्या. दशांश चिन्हापुढे किमान चार अंक घ्या, कारण तिसऱ्या अंकात एकाचा फरक म्हणजे शंभरेक मीटर, आणि दुसऱ्या अंकात एकाचा फरक म्हणजे पूर्ण एक किलोमीटर. तेवढ्यात मूल यादीच्या आतलं बाहेर जाऊ शकतं. मग वर दिलेल्या पायथागोरसने शाळेपर्यंतचं सरळ अंतर काढा आणि पडद्यावर दिसणाऱ्या आकड्याशी ताडा. फार फरक आला तर बलून चुकला असं समजा आणि अर्ज पक्का करण्याआधी तो दुरुस्त करा.

आणि वाडीवस्तीवर शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना एक विनंती. वाहतूक सोयीसाठी किंवा वस्तीवरच्या शाळेसाठी जेव्हा अंतराचा तक्ता मागवला जातो, तेव्हा एकच रकाना भरून देऊ नका. सहावी-सातवीच्या मुलांनाच कामाला लावा. सरळ रेषेतलं अंतर नकाशावरून काढा, चालण्याचं अंतर मुलांनी पावलं मोजून काढू द्या (आधी शंभर मीटरला किती पावलं पडतात ते पटांगणावर मोजायचं), आणि तिसऱ्या रकान्यात घड्याळ लावून वेळ: एकदा मार्चमध्ये, एकदा जुलैमध्ये. वाटेत ओढा असेल तर तो कोणत्या महिन्यात पायी ओलांडता येत नाही, तेही लिहा. तक्त्यात जागा नसेल तर मागच्या बाजूला लिहा, तारीख घाला, मोजणाऱ्या मुलांची इयत्ता घाला, आणि त्याची एक प्रत शाळेत ठेवून द्या.